ओट्यावरचा उंट

प्रेक्षकांनी वीस वस्तू सांगायच्या आणि जादूगाराने त्या क्रमाने म्हणून दाखवायच्या, हा त्याचा हातखंडा खेळ. युक्ती सोपी होती. प्रत्येक वस्तू तो मनातल्या मनात आपल्या घरात एकेका जागी ठेवायचा आणि मग दारापासून चालत जाऊन बघायचा. बायको गेल्यापासूनचे दोन्ही प्रयोग फसले होते. मॅनेजरने बजावलं होतं, "आज चुकलात तर तुमचा बोर्ड उतरवतो."

दहा वस्तू बिनचूक झाल्या. अकरावी वस्तू उंट, तो त्याने ओट्यावर बसवला होता. तो मनातल्या स्वयंपाकघरात शिरला, तर ओटा लख्ख पुसलेला आणि बायको फडकं पिळत उभी.

"अहो, उंट कुणी ठेवला इथे? बाहेर काढला मी."

"अगं, खेळ चालू आहे माझा!" तो मोठ्याने ओरडला. प्रेक्षक हसले.

"मग अंगणात खेळा. आणि ती तोफ, ती शिडी, सगळं माळ्यावर टाकलंय."

मॅनेजरला युक्ती ठाऊक होती. तो पडद्याआडून कुजबुजला, "दुसरं घर घ्या ना! भावाचं घ्या!"

जादूगाराने भावाचं घर आठवून पाहिलं. ऐसपैस होतं, उंट आरामात मावला असता. पण तिथे ही कशाला येईल?

"मंडळी, जरा थांबा," तो खुर्ची ओढून बसला. "आमचं भांडण अर्धवट राहिलंय." आणि त्याने डोळे मिटले.

मॅनेजर तणतणत बोर्ड उतरवायला गेला. त्याने सगळं थिएटर पालथं घातलं, पण शिडी काही सापडली नाही.