बोलायचं माप

मास्तरांनी डाव्या हाताची करंगळी खडूच्या डबीशेजारी ठेवली आणि नजर खिडकीबाहेर नेली. चाळीस वर्षं कपडे शिवताना सुईनं त्यांना किती वेळा टोचलं असेल याची गणती नव्हती. कॉलर शिवताना, काज घालताना, एकदा तर नुसतं शिंकताना. पण ते सगळं न सांगता सवरता झालेलं. असं मुद्दाम बोट पुढे करून बसणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून आपण भलत्याच कुणाला तरी टोचतोय, अशा थाटात ते आभाळ बघत आणि हळूच स्वतःला दगा देत.

थेंब पट्टीवर गेला. शुगर मोजायचं यंत्र विचारात पडलं.

दुकान सकाळच्या उन्हात तरंगत होतं. इस्त्रीची वाफ छतापाशी घुटमळत होती. दांडीवर एका बाहीचे, बिनकॉलरचे, अर्धवट कोट आपापल्या माणसांची वाट बघत लटकले होते. कोपऱ्यात साहेब उभे होते. साहेब म्हणजे कोट चढवून बघायचा बिनडोक्याचा पुतळा. त्यांना शुगर नव्हती. त्यांना तोंडच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी रिपोर्ट आला, तेव्हापासून मास्तरांना त्यांचा थोडा हेवा वाटे.

यंत्रानं दोनशे बारा दाखवले.

मास्तर खाकरले. "एकशे साठ," त्यांनी आत आवाज दिला.

पडद्यामागे त्यांची बायको हूक लावत बसलेली असे. तिनं सुई उशीत खोचली, मापवही ओढली आणि लिहिलं.

"बरंय की," ती म्हणाली.

दुकानाची रीतच होती ती. मास्तर मापं बोलायचे, बायको लिहायची. मात्र कंबर आली की मास्तर कमी बोलत. कोपऱ्यावरचे वकील चव्वेचाळीस भरले तरी मास्तर बेचाळीस म्हणत, वकील खूश होऊन रोखलेला श्वास सोडत आणि टेप मास्तरांच्या हातातून निसटे. बायको आत गुपचूप खरा आकडा लिही. चाळीसच्या आत असेल तर एक मिळवायचा, पुढे दोन, लग्न ठरलेलं असेल तर तीन. शिवाय पँटच्या मागच्या शिवणीत मास्तर दोन इंच माया सोडत, पुढे माणूस सुटला तर उसवून वाढवता यावं म्हणून. त्यांच्या हातची पँट आजवर कधी उसवली नव्हती आणि कुणाचं मनही मोडलं नव्हतं.

साखरेचा आकडा त्यांनी पहिल्या दिवशी कमी सांगितला तो काही सवयीनं नव्हे. बायकोचे वडील याच दुखण्यात आंधळे झाले होते. लग्नाआधीची चार वर्षं तिनं त्यांना हात धरून घरभर फिरवलं होतं. ते ती कधी बोलत नसे. फक्त रिपोर्ट आला त्या दिवसापासून तीही बिनसाखरेचा चहा पिऊ लागली. एका घरात दोन चहा कोण करत बसणार, एवढंच तिचं म्हणणं. जेवणानंतर मास्तर गळ्यात टेप अडकवून कापायच्या टेबलाभोवती साठ फेऱ्या मारत, तेव्हा ती पडद्याआडून मोजे. एकदा त्यांनी अठ्ठावन्नला थांबायचा प्रयत्न केला होता. जमलं नाही.

त्या दुपारी दवाखान्यात तपासणी होती. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण चेहरा गंभीर. तिनं मापवही उघडली आणि बराच वेळ वाचत राहिली.

"काका, तुमची बाही साडेतेवीस आहे. छानच. पण शुगर कुठे लिहिलीय?"

"गळ्याच्या रकान्यात," बायको म्हणाली. "गळा त्यांचा बदलत नाही."

डॉक्टरीणबाईनं तिथं बोट ठेवलं. दोनशे पाच, एकशे पंच्याण्णव, आजचे दोनशे दहा. तिनं लॅबचा कागद शेजारी धरला. सगळं जुळतंय, म्हणाली. लोक तिला चांगलं वाटावं म्हणून आकडे कमी करून आणतात, इतकी सरळ वही क्वचित बघायला मिळते. मग तिनं एक गोळी वाढवली. आत्ताच कळलं म्हणून गोळीवर भागतंय.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती स्वतःच्या पिशवीची शिवण तपासत होती.

परतताना गच्च्यांवर वाळत घातलेले शर्ट वाऱ्यानं फुगले होते. आत कुणीही नसलेली माणसं हात पसरून उभी. मास्तर सवयीनं त्यांच्या छात्या मोजत चालले.

"त्या यंत्राला मागचं सगळं आठवतं म्हणे," ते म्हणाले.

"आठवतं. दोनदा बघितलं मी. पाचाच्या वर चुकले नव्हते."

"किती मिळवायचीस?"

"आवाजावर होतं. खाकरून बोललात की पन्नास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी खिडकीकडे न बघता टोचलं. दुखलं, पण नेहमीइतकंच.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "यात काही मिळवू नकोस."

आत पेन्सिल चालल्याचा आवाज आला. मग पडदा सरकला आणि बायको टेप घेऊन बाहेर आली. तिनं वही त्यांच्या हातात दिली. दोन महिने सैल पडलेल्या पँटला टाचणी लावून हिंडताय, शिंप्याला शोभत नाही, म्हणाली. आज ती मोजणार होती.

मास्तर साहेबांच्या शेजारी उभे राहिले. नकळत त्यांनी छाती पुढे काढली आणि वकिलांसारखा श्वास रोखला. टेप इतका गार असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायको वाकून आकड्याकडे बघत राहिली. इतका वेळ कुठल्याच आकड्याला लागत नाही.

ती खाकरली.

"चौतीस," ती म्हणाली.

मास्तरांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. दहा वर्षांत स्वतःसाठी काही शिवलं नव्हतं, त्यामुळे त्या पानावर कंबरेपुढे अजून अडतीसच होते. त्यांनी ते खोडले आणि सावकाश, ठळक अक्षरात, बत्तीस लिहिले. थोडं थांबून पुढे लिहिलं: मागे दोन इंच माया.

"लिहिलंत?"

"लिहिलं," मास्तर म्हणाले. "चौतीस."