माझी तोटी तुंबली त्या दिवशी

मित्रांनो, हसू नका, पण मी ठिबकते. मी एक जुनी, तीन पायांची कथिलाची कॉफीची किटली आहे. माझ्या पोटाला खाली एक पितळी तोटी आहे. तिच्यात कॉफीचा गाळ अडकतो आणि धारेऐवजी थेंब पडतात. सोलिंगेन गावातल्या सगळ्याच किटल्या ठिबकतात, पण नावं ठेवायला लोकांना मीच सापडले. "हिची वाट बघता बघता दाढी वाढेल!" असं पाहुणे म्हणत. मला फार वाईट वाटे.

सिबिलाबाईंच्या लग्नासाठी मला घडवलं होतं. दर बुधवारी दुपारी सिबिलाबाई धरून गल्लीतल्या चार बायका माझ्याभोवती जमत. मनुकांचा पाव, गाणी, कुचाळक्या, सगळं रंगात येई. तोटी तुंबली की सिबिलाबाई हंसाचं पीस खुपसून ती मोकळी करत. त्या टेबलाचा मला आजही गर्व आहे.

मग फ्रेंचांचा अंमल आला. त्यांच्या बादशहानं परदेशी कॉफी बंद केली आणि बायका चिकोरीच्या भाजलेल्या मुळांचं कडू पाणी पिऊ लागल्या. त्याला पातेलं पुरे, म्हणून मी माळ्यावर धूळ खात पडले. पुढे गावातली मुलं रशियाच्या लढाईवर नेली, तेव्हा बायकांनी एक रीत पाडली. मुलाचं पत्र आलं की चोरून आणलेली खरी कॉफी करायची आणि पहिला पेला भरल्याशिवाय पत्र फोडायचं नाही.

कितीतरी महिने पत्रच आलं नाही. शेवटी एका बुधवारी चौघींतल्या योहानाकाकूंना आलं. त्यांना एंगेल्बेर्ट हा एकुलता एक मुलगा. पण वरचं अक्षर त्याचं नव्हतं. मला माळ्यावरून उतरवलं, भरलं, आणि तेवढ्यात जकातीचा फ्रेंच अंमलदार आत घुसला.

"कॉफीचा वास येतोय! किटली जप्त, पत्रं जप्त, सगळं जप्त!"

"अहो साहेब, चिकोरीच ती," सिबिलाबाई शांतपणे म्हणाल्या. "विश्वास नसेल तर स्वतः चाखा."

त्यांनी त्याला आपलाच काळ्या मातीचा पेला दिला. त्याच्या तळाशी सकाळची चिकोरी घोटभर उरली होती. अंमलदारानं माझी तोटी फिरवली. एक थेंब. बऱ्याच वेळानं दुसरा.

"ही काय भानगड आहे?"

"आमच्याकडे असंच असतं साहेब. बसा ना, संध्याकाळपर्यंत भरेल पेला."

पीस सिबिलाबाईंच्या मुठीत होतं, पण मूठ काही उघडली नाही. मीही जीव खाऊन गाळ धरून ठेवला. तो डोळे वटारून माझ्या तोटीकडे बघत राहिला, पेल्यात त्यानं पाहिलंच नाही. तिसऱ्या थेंबाला त्याचा धीर सुटला आणि त्यानं पेला तोंडाला लावला.

"थू! हे असलं पिता तुम्ही?"

"बादशहांची कृपा!" चौघी एका सुरात म्हणाल्या.

तो पाय आपटत निघून गेला. त्यानंतर पीस चाललं आणि माझ्या तोटीतून अशी धार सुटली म्हणून सांगू! पेला भरला. सिबिलाबाईंनी पत्र फोडून मोठ्यानं वाचलं. 'आई, हिमात माझी तीन बोटं गेली, म्हणून मित्राकडून लिहून घेतो आहे. बाकी मी धडधाकट आहे. सफरचंदं पिकायच्या आत घरी येतो.'

योहानाकाकूंनी मला कडकडून मिठी मारली. हात पोळले तरी सोडेनात. बाकीच्या तिघी टेबल बडवून गात होत्या. माझ्या खोडीला त्या दिवसापासून कुणी हसलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी हळूबाई असेल. तिला माळ्यावर टाकू नका. तिला घासा, पुसा आणि शेजाऱ्यांना हाक मारा. मी एकट्या माणसासाठी घडलेलीच नाही.