घमेल्यातले बुडबुडे

गॅरेजवालीनं शिंपीणकाकूंच्या जुन्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं. नितळ हिरवं पाणी असायला हवं तिथे दुधाळ कॉफीच्या रंगाचा लगदा तरंगत होता. बोटावर घेऊन चोळला तर बुळबुळीत. इंजिनाचं तेल पाण्यात उतरलं होतं.

"काय गं, जगेल ना माझी म्हातारी?" काकूंनी विचारलं. म्हातारी त्या गाडीला म्हणत. त्यांना स्वतःला तसं म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

"बघते," ती म्हणाली. खिडकीपाशी स्टुलावर बसलेल्या बाबांचा पेपर चाळण्याचा आवाज थांबला होता, हे तिला न वळताच कळलं.

या इंजिनाचं हेड गेल्या वर्षी बाबांनीच बसवलं होतं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, आणि त्याच्याखाली तेल-पाणी एकमेकांत मिसळू न देणारी, नखाइतकी पातळ गॅस्केट. तेव्हा त्यांचा हात नुकता कापायला लागला होता. "मी करू का?" असं तिनं विचारलं, तर म्हणाले, "मी बंद केलेलं इंजिन गळेल, त्या दिवशी पाना खाली ठेवीन. तोवर गप बस." आणि बाबा बोलल्या शब्दाला जागणारे. त्यात गॅरेजचा नियम त्यांचाच: ज्यानं हेड बसवून इंजिन बंद केलं, त्यानंच ते उघडायचं. गॅस्केट गेली असेल तर स्वतःची चूक ते स्वतःच्या कापऱ्या हातांनी सगळ्यांदेखत उघडणार होते. तिला ते बघवलं नसतं.

तिनं तेलाची काडी काढली. तेल स्वच्छ, पाण्याचा मागमूस नाही. पण त्यावरून काही ठरत नाही. चालू इंजिनात तेलाचा जोर जास्त, ते पाण्यात घुसतं; पाण्याला उलटं शिरता येत नाही. मग इंजिन चालू करून तिनं रेडिएटरच्या तोंडावर निळ्या औषधाची काचनळी धरली. इंजिनात इंधन पेटून होणाऱ्या स्फोटाचा धूर पाण्यात येत असता तर औषध पिवळं पडलं असतं. ते निळंच राहिलं.

"आग आपल्या जागी आहे," ती म्हणाली.

"आग आहे. तेलाचं काय?" बाबा म्हणाले. "तेलाची वाटही त्याच गॅस्केटमधून जाते." स्वतःवर खटला भरला होता त्यांनी, आणि वकीलही विरुद्ध बाजूचा घेतला होता.

ती लहान असताना हेड बसवण्याआधी बाबा तिच्या हातात टॉर्च देत. "बघून घे. एकदा बंद केलं की दृष्टीआड सृष्टी." तेव्हा तिला फक्त भोकं दिसायची. आज ते सगळं तिला न उघडताच दिसत होतं. इकडे आग, बोटभर अंतरावर पाणी, त्याला खेटून तेल. एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य असलेली मंडळी एका घरात वर्षानुवर्षं नांदतात, आणि वर काकू आरामात बाजारात जाऊन येतात. याचं तिला इतकं नवल वाटलं की क्षणभर ती हातातलं काम विसरली.

संशय घ्यायला आणखी एकच जागा होती: ऑइल कूलर, तेल थंड करणारा छोटा डबा. त्याच्या आतही तेल आणि पाणी पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहतात. इंजिनातलं पाणी सोडून देऊन तिनं तो काढला, पाण्यानं भरलेल्या घमेल्यात बुडवला, हलवून आत अडकलेली हवा जाऊ दिली. मग तेलाच्या वाटेत हवा भरली. ती पाण्याच्या तोंडातून बाहेर आली, तर चोर सापडला.

पाणी शांत होतं. तिनं हवेचा जोर थोडा वाढवला.

मग पाण्याच्या तोंडातून एक बुडबुडा सुटला, मोहरीएवढा. मागोमाग दुसरा. मग त्यांची माळच लागली. इतक्या बारीक भोकानं सगळा घोळ घातला होता.

बाबा उठून आले. वाकून त्यांनी एक बोट पाण्यात धरलं. बुडबुडे त्यावर येऊन फुटू लागले. पण बोटाभोवती बारीक लाटा उठत होत्या, काठापर्यंत जात होत्या, थांबत नव्हत्या. तिनं नजर वळवली. बाबा बघत राहिले.

"म्हणजे माझं हेड पक्कं आहे."

"पक्कं आहे, बाबा."

त्यांनी हात पुसला. कपाटातून हेडचे बोल्ट नेमक्या जोरानं आवळायचा आपला लांब टॉर्क पाना काढला, ज्याला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, आणि तिच्या हातात ठेवला.

"गळालं तर ठेवीन म्हणाला होतात. गळालं कुठे?"

"म्हणून तर देतोय. हरलो असतो तर नुसता खाली ठेवावा लागला असता."

पाना तिला वाटला होता त्यापेक्षा जड होता.

"अहो, पण म्हातारी जगेल ना?" काकूंनी दारातून विचारलं.

"जगेल," दोघं एकदम म्हणाले.

नवा कूलर आणून ती बसवायला लागली, तेव्हा बाबांनी टॉर्च धरला. उजेड हलत होता, पण तिला सगळे बोल्ट नीट दिसत होते.