'समजलं' म्हणायला शिकवलं

परदेशात वर्षभर इंग्रजी शिकवून मी परत आले, तेव्हा घरच्यांनी विचारलं, "कसं होतं गं?" "थंडी फार," एवढंच मी सांगितलं.

मासे गोठवून खोक्यांत भरायचा कारखाना होता. मालक आणखी तिसऱ्याच देशाचे, कागदपत्रं सगळी इंग्रजीत, आणि कामावरच्या बायकांना इंग्रजीचा गंध नाही. म्हणून मला बोलावलेलं. पाळी सुटली की कॅन्टीनमध्येच वर्ग भरायचा. बायका रबरी बूट काढून, ओले मोजे हीटरवर टाकून बसायच्या. पहिल्याच दिवशी मॅनेजरने बजावलं, "व्याकरण-बिकरण नको. काही सांगितलं की नुसत्या तोंडाकडे बघत बसतात. 'हो, समजलं' एवढं तरी म्हणायला शिकवा."

शिकवलं. रोज घोकून घेतलं.

वर्गात पन्नाशीची एक विधवा होती. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून मनातल्या मनात मी तिला थोरली म्हणायचे. खोक्यांना पट्ट्या आवळायच्या यंत्रावर तिचं काम. इंग्रजीला तिची जीभ वळता वळायची नाही. मग ती जीभ बाहेर काढून दाखवायची, तिथेच गोठली म्हणून खालच्या बर्फखोलीकडे बोट करायची आणि स्वतःच खो खो हसायची. पण ते एक वाक्य मात्र तिने पक्कं केलं. म्हटलं की माझ्याकडे बघायची, आणि मी मान डोलावली की खूष.

'तुटलेलं' हा शब्द शिकवला, तेव्हा उदाहरण तिनेच दिलं होतं. तिच्या यंत्राचं झाकण.

सहाव्या महिन्यात त्याच यंत्रात तिचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली.

तीन आठवड्यांनी ऑफिसात तिला बोलावलं, आणि ओळखीचं माणूस जवळ असावं म्हणून मलाही. मॅनेजरने तिच्या नावाने लिहिलेला दोन पानी इंग्रजी कागद भराभर वाचला. चूक माझी होती, झाकण मीच काढलं होतं, कारखान्याकडे माझं काही मागणं नाही.

"समजलं?" त्याने विचारलं.

थोरली खुर्चीत ताठ झाली. "हो, समजलं." एक अक्षर चुकलं नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं.

सवयीने माझी मान हलली.

तिने डाव्या हाताने कशीबशी सही केली.

त्या संध्याकाळी मी ताईला फोन केला. "अगं, तू तिथे शिकवायला गेलीस की खटले लढायला?" ताई म्हणाली. "परक्या मुलखात नसतं लचांड मागे लावून घेऊ नकोस." मला नेमकं हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात थोरलीच्या जागी तिची मुलगी आली, यंत्रावरही आणि वर्गातही. कागदाची नक्कल घरी कुणीतरी वाचून दाखवली असावी, कारण पोरगी माझ्या नजरेला नजर देईना. एक दिवस मी फळ्यावर लिहिलं, 'मला समजलं नाही. पुन्हा वाचा.' सगळ्यांनी म्हटलं. तिने नाही.

"म्हण की गं."

एकेक शब्द जुळवत तिने विचारलं, "असं म्हटलं, तर काम राहतं?"

मी फळा पुसला.

निघायच्या आधी धीर करून मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, अरुंद जिना. दार थोरलीनेच उघडलं. बँडेज निघालं होतं. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगायला लागले, की कागद खोटा होता, मला कळत होतं, मी बोलायला हवं होतं. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं, मी इंग्रजीत बोलतेय, भराभर, आणि तिला त्यातलं अवाक्षर कळत नाहीये. तिच्या भाषेत 'माफ कर' कसं म्हणतात, ते वर्षभरात मी कुणाला विचारलंच नव्हतं.

माझं बोलणं थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग तिने दार लावून घेतलं, आवाज न करता.