क्लेच्या हातची पंचवीस

शेरिफच्या माणसाने थोरल्या भावाच्या, ऑरिनच्या, वस्तू परत आणून दिल्या तेव्हा काडतुसं तपकिरी कागदी पिशवीत सुटी भरलेली होती. टोपी, एक हातमोजा, गाडीची किल्ली आणि बेचाळीस काडतुसं. क्लेने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोजली, तेव्हा भांडी घासणाऱ्या आईचे हात पाण्यात थांबले, पण तिने वळून पाहिलं नाही. पन्नास खणांची प्लॅस्टिकची पेटी खडीच्या खाणीतच तुकडे होऊन गेली होती. ती असती तर एका नजरेत उलगडा झाला असता, कारण दोघं भाऊ काडतुसं घरीच भरत आणि डावीकडची पंचवीस नेहमी ऑरिनच्या हातची असत आणि उजवीकडची पंचवीस क्लेच्या. पिशवीला डावं-उजवं नसतं.

त्या रविवारी ऑरिन एकटाच नेमबाजीला गेला होता, क्ले उठलाच नव्हता म्हणून. आठव्या काडतुसाला रायफल त्याच्या तोंडाशी फुटली. शेरिफ म्हणाला, आजोबांच्या वेळची रायफल, पोलाद थकलं असेल. चर्चच्या तळघरात, दफनानंतरच्या जेवणाला, हातात कागदी थाळ्या घेऊन उभी असलेली माणसंही तेच म्हणाली. क्लेने सगळ्यांपुढे मान हलवली. शनिवारची गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

खरं तर गोष्ट त्याच्या आधीची, वसंतातली. ऑरिन वर्षानुवर्षं बंदुकीची लांब कांड्यांची दारू वापरत आला होता. पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तशी ती दिसे, आणि दारू मोजून पाडणाऱ्या मापयंत्राचा दांडा ओढला की तिच्या कांड्या आत कडकडत चिरडल्या जात. एकदा कमी पडे, एकदा जास्त. म्हणून तो मुद्दाम थोडी कमी पाडायचा आणि उरलेली चिमटीने, दाणा दाणा करत तराजूच्या काट्यावर सोडत बसायचा. पन्नास काडतुसांना एक अख्खी दुपार लागे. क्लेला ते बघवत नसे. दहावीत शाळा सोडलेला, लाकडाच्या गिरणीत ओल्या फळ्या रचणारा बावीस वर्षांचा तो; एका जागी बसणं त्याच्या अंगातच नव्हतं. त्यानेच हट्ट धरून हॅल्व्हर म्हाताऱ्याच्या दुकानातून बारीक दारूचा डबा घ्यायला लावला. खसखशीसारखे दाणे, पाण्यासारखी धार.

"माप चांगलं देते ही," हॅल्व्हर गल्ल्यामागून म्हणाला होता. "पण ती लांबवाली काडतुसाच्या पुंगळीच्या गळ्यापर्यंत येते. चुकून दोनदा टाकलीत तर टेबलावर सांडते, बोंब मारून सांगते. ही तळाशी बसते. दोनदा टाका, तरी गप्प, आणि मग बंदूकच फुटते."

"बघून टाकू की," क्ले म्हणाला.

"तू?" ऑरिन हसला. "तू रस्ता ओलांडतानाही बघत नाहीस."

दारू सारखी पडते ती अर्धी तिच्या गुणाने आणि अर्धी हाताच्या, हेही त्यांना तेव्हाच, हॅल्व्हरसमोर दुकानात मोजून बघताना कळलं. ऑरिन दांडा वर न्यायचा, क्षणभर थांबायचा, बोटाने यंत्राच्या नळ्यावर दोनदा टकटक करायचा आणि मग दांडा खाली आणायचा. काट्यावर अठरा पूर्णांक चार ग्रेन. पुन्हा अठरा पूर्णांक चार. क्ले दांडा आपटायचा, त्या धक्क्याने दारू दबून बसायची, आणि त्याचं माप अठरा पूर्णांक सहा, सात, कधी आठवर जायचं. सहाच्या खाली कधी आलं नाही. एवढ्याशा फरकाने काही बिघडत नव्हतं. पण ऑरिन त्याची काडतुसं कधी वापरत नसे. "तुझी तू उडव," तो म्हणायचा. "तुझ्या गोळीला नेमाचे डबेसुद्धा घाबरत नाहीत."

आणि मग तो शनिवार. दोघं शेडमध्ये काडतुसं भरत बसले होते. क्लेचं सोळावं की सतरावं चालू होतं, आणि ऑरिन नेहमीच्या आवाजात म्हणाला की बर्फ पडायच्या आत तो स्पोकेनला जाणार आहे, तिथे वेल्डरचं काम मिळतंय.

"आणि आई?"

"तू आहेस ना."

"मी? मी काय तुझा उरलेला माल आहे?"

क्लेने दाराला लाथ मारली, अंगणात दोन फेऱ्या घातल्या आणि परत येऊन बसला. पुंगळी हातात होती. तिच्यात दारू टाकली होती की टाकायची होती, हे त्याला आठवेना. अशा वेळी टॉर्च मारून आत बघायचं असतं. पण ऑरिन त्याच्याकडे पाहत होता. क्लेने पुंगळी नळ्याखाली धरली, दांडा आपटला आणि वर गोळी दाबून बसवली. बस्स, एवढंच.

भांडण झालं की ऑरिन माफी मागत नसे. दुसऱ्या दिवशी गुपचूप काहीतरी करायचा. क्लेच्या गाडीत पेट्रोल भरून ठेवायचा, त्याचे बूट पुसून ठेवायचा. त्या रविवारी त्याने धाकट्याचं एखादं काडतूस उचलून रायफलीत घातलं असेल का, घरी येऊन 'बरं होतं रे तुझं' म्हणता यावं म्हणून? क्लेला एवढंच जाणून घ्यायचं होतं. बेचाळीसमध्ये त्याची जड पंचवीस भरली, तर फुटलेलं ऑरिनचं. चोवीस निघाली, तर त्याचं.

दफनानंतरच्या एका शनिवारी सकाळी तो शेडमध्ये बसला. प्लॅस्टिकच्या पोकळ हातोड्यात काडतूस अडकवायचं आणि तो लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायचा, की गोळी आणि दारू त्याच्या पोटात सुटी होऊन पडतात. पहिल्याची दारू त्याने काट्यावर ओतली. अठरा पूर्णांक चार. ऑरिनचं. दुसरंही ऑरिनचं. दहावं झालं, बारावं झालं, आणि सगळी ऑरिनचीच आधी हाताला लागतायत याचं त्याला जरा बरंच वाटलं, जणू भावानेच ती वर काढून ठेवली होती. सतरावं अठरा पूर्णांक चार. ऑरिनची सतराच उरायला हवी होती.

अठरावं अठरा पूर्णांक चार.

त्याने काटा पुसला, पितळी वजन ठेवून तपासला. काटा बरोबर होता. चोविसावं. तिसावं. गोळी सैल होते की नाही तेवढंच बघून तो आता दारू ओतत होता, आणि काट्याची सुई त्याच रेघेवर जाऊन, हात टेकल्यासारखी, थांबत होती. बेचाळीसच्या बेचाळीस.

रिकाम्या पुंगळ्या टेबलावर पडून राहिल्या आणि तो गाडी घेऊन तडक हॅल्व्हरच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्याने सगळं एका दमात सांगितलं, शनिवारचंसुद्धा. म्हातारा डोक्यावरची टोपी काढून ती दोन्ही हातांत धरून ऐकत राहिला.

"मग त्याने तुझी काडतुसं सोडवून पुन्हा भरली," तो शेवटी म्हणाला. "नेहमीच करायचा. तू झोपलास की. तुला माहीत नव्हतं?"

"नेहमी?"

"पोरगं रागाने भरतं म्हणायचा. तुला सांगू नका म्हणायचा."

क्लेच्या छातीवरचं काहीतरी उचललं गेलं आणि तसंच्या तसं परत बसलं. "म्हणजे माझं दुप्पट भरलेलं त्याला सापडलं असेल. की एवढं एकच राहून गेलं? फुटलं ते कुणाचं मग?"

"पोरा, ते आता कुठल्याच काट्यावर येत नाही."

"माझी जड असतात. तुम्हीच बघितलीत. थांबा, दाखवतो." गल्ल्यावर गिऱ्हाइकांसाठी एक मापयंत्र ठेवलेलं असे, त्याच बारीक दारूने भरलेलं. क्लेने दांडा ओढला आणि दारू काट्यावर ओतली. अठरा पूर्णांक चार. त्याने पुन्हा ओढला. मग हॅल्व्हरने दुसरा काटा आणून ठेवला. त्यावरही तेच.

"हे कधीपासून करतोस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काय?"

हॅल्व्हरने बोटाने गल्ल्यावर दोनदा टकटक केलं. क्लेने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो नळ्यापाशीच होता.

"घरी जा," हॅल्व्हर म्हणाला. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि मापयंत्र उचलून आतल्या खोलीत नेलं. बराच वेळ तो बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच चर्चला गेली, आणि क्ले पुन्हा शेडमध्ये बसला. आता त्याला पंचवीस नको होती, एक पुरे होतं. अठरा पूर्णांक सात पडलं की झालं. मग तसा एक हात होता, ऑरिनच्या हाताहून वेगळा, चुकणारा हात, आणि मग त्या हाताला काय ती शिक्षा देता आली असती. तो दांडा आपटत होता. निदान आपटायचं असं ठरवून तो हात उचलत होता. दांडा वर जाई, क्षणभर थांबे, बोट दोनदा वाजे, दांडा खाली येई. त्याने डाव्या हाताने करून पाहिलं. उजव्या हाताची बोटं दोरीने करकचून बांधली, तेव्हा डाव्याची वाजली. दारू तो डब्यात परत ओतत होता, नळा परत भरत होता, आणि काट्याची सुई त्या रेघेवरून हलायला तयार नव्हती. एकदा तर त्याने तो शनिवार मुद्दाम आठवून पाहिला, आणि त्याला दिसलं ते टेबलाच्या पलीकडून, ऑरिनच्या जागेवरून दिसलं: दाराला लाथ मारणारा एक रागावलेला पोरगा, त्याची पाठ, आणि परत येऊन न बघता दांडा आपटणारे त्याचे हात.

आई केव्हा परत आली ते त्याला कळलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आतून भाजलेल्या मांसाचा आणि कांद्याचा वास येत होता. दफनानंतर तिने पहिल्यांदाच रविवारचं नीट जेवण केलं होतं. शेडमधली टकटक तिथपर्यंत ऐकू जात असावी, कारण ती मधूनमधून काहीतरी गुणगुणत होती, आणि टकटक थांबली की तीही थांबत होती.

भर दुपारचं ऊन अंगणात पडलं होतं. खिडकीतून टेबल दिसत होतं. तिने तीन थाळ्या मांडल्या होत्या.

"ऑरिन," तिने आतूनच, नेहमीच्या आवाजात हाक मारली, "पुरे आता. हात धू. आणि क्लेला उठव, जेवण गार होतंय."

त्याने दांडा हलकेच खाली आणला, डब्याचं झाकण लावलं, काटा पुसून ठेवला. मग तो शेडच्या दारात उभा राहिला आणि वरच्या, क्लेच्या खोलीच्या बंद खिडकीकडे बघून त्याने हाक मारली, "क्ले!"

थोडा वेळ थांबून त्याने पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, हाक मारली.