शुद्धीवर आणलेला माणूस

एकेने वारला त्या दिवशी त्याच्या धाकट्या भावाने, अनायोने, प्रेत धुतलेलं पाणी वाडग्यात भरून वहिनीपुढे धरलं. "नवऱ्याला तू मारलं नसशील तर पिऊन दाखव," म्हणाला. ओयिरिदिया सगळ्या भाऊबंदांसमोर ते प्यायली. पुढे तिने दाद मागितली तेव्हा भावकीतले म्हातारे म्हणाले, "जाऊ दे गं. ओगोगोरो चढली होती त्याला. दारू बोलली, तो नव्हे."

त्यानंतर अनायो कधी शुद्धीत सापडलाच नाही. एकेनेचं ताडबन त्याने बळकावलं आणि तिथलीच ताडी गाळून पीत राहिला.

बऱ्याच वर्षांनी तो तिच्या फाटकाशी आला. डोळे पिवळेजर्द, पोट तट्ट फुगलेलं. तिच्या परसातल्या झाडाचं कडू पान अख्खं गाव औषधाला नेत असे.

"वहिनी, डॉक्टर म्हणतो यकृत जळलंय. तुझ्या पानाचा रस दे."

ती आत गेली. मुलगी कोसिसो सुट्टीवर आली होती. विद्यापीठात ती याच पानातल्या कडू द्रव्यांवर काम करायची.

"उपयोग होतो का गं याचा?"

"उंदरांत दिसलाय. दारू पाजलेल्या उंदरांपैकी ज्यांना अर्क दिला, त्यांच्या यकृताच्या पेशी कमी मेल्या. माणसाचं आत्ताच सांगता येत नाही. आणि दारू सुटली नाही तर सगळं फुकट." कोसिसो थांबली. "पण त्याला कशाला, आई? मरू दे की."

"मेला तर सुटला. मयतीतही म्हणतील, दारूने घात केला बिचाऱ्याचा. मला तो शुद्धीवर हवाय."

तिने अट घातली. डॉक्टरच्या गोळ्या चालू ठेवायच्या, रस रोज तिच्या अंगणात उभ्याने प्यायचा, आणि तोंडाला वास आला तर आल्या पावली परत. सुरुवातीला त्याच्या हातून रस सांडे. ती पुन्हा भरून देई.

"फार कडू लागतं, वहिनी."

"मी प्यायले त्याची चव विचारली होतीस?"

त्याने मान खाली घातली. त्याला सगळं आठवतंय, हे तिला तेव्हाच कळलं.

पावसाळा सरून कोरडा वारा सुटेपर्यंत त्याचे डोळे निवळले, पोट उतरलं. मग तिने घराण्यातल्या माहेरवाशिणींना निरोप धाडला. त्यांच्या शब्दापुढे म्हाताऱ्यांचंही चालत नाही. त्या आल्या, चौकात कडं करून बसल्या. थोरलीने विचारलं, "आज प्यायलायस?"

"नाही."

"मग सांग, ते वाडगं का भरलंस?"

अनायोने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी माना फिरवल्या.

"तिने मारलं नाही, हे मला ठाऊक होतं," तो पुटपुटला. "मला ताडबन हवं होतं. त्या दिवशी मी थेंबभरही घेतली नव्हती."

ताडबन कोसिसोला मिळालं. अनायोबरोबर कुणी पाहुणचाराचं कोलाफळ फोडायचं नाही, म्हणजे त्याला कुणी आपल्यात बसवायचं नाही, असंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी तो सवयीने फाटकाशी आला. ओयिरिदिया झाडाची पानं खुडत होती.

"बाजारात मिळतात," मागे न वळता ती म्हणाली. "माझं काम झालं."