दोन दिवस भिजलेली अळंबी

सासूबाईंनी परवा सकाळी सुकी काळी अळंबी भिजत घातली आणि विसरल्या. छंगदू शहराच्या या उकाड्यात दोन दिवस! मी भांडं उचललं आणि सगळी केराच्या डब्यात ओतली.

"अगं, वाससुद्धा नाही तिला. उकळून घे की!"

"आई, इतकी भिजली की तिच्यात विष तयार होतं, ते उकळून जात नाही. मागच्या उन्हाळ्यात समोरच्या लूबाई अशीच अळंबी खाऊन गेल्या ना?"

"ती मुळातच रोगट होती," त्या फणकारल्या.

मी मूठभर नवी अळंबी भिजवली. तोवर नूडल्स उकडल्या, तेल लावून पंख्यासमोर गार केल्या, काकडी चिरली. अळंबी उकळून कालवायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. मला वाटलं, राग गेला.

तिखट तेल आणि व्हिनेगर मस्त जमलं होतं. माझ्या नवऱ्याने, योंगशेंगने, दोनदा वाढून घेतलं.

"आवडलं ना?" सासूबाई हसल्या. "तुझी नवी अळंबी मी गच्चीत वाळत टाकलीय. ही केराच्या डब्यातलीच, धुऊन उकळलेली. झालं का कुणाला काही?"

माझ्या वाटीच्या तळाशी नुसते तीळ उरले होते.

लूबाईंनाही संध्याकाळपर्यंत काही झालं नव्हतं.